हेगच्या न्यायासनापर्यंत: आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या न्यायाधीशपदासाठी स्पर्धा परीक्षा होत नाही आणि उमेदवाराला स्वतःहून अर्जही करता येत नाही. एखाद्या सदस्य राष्ट्राचे सरकार तुमचे नाव पुढे करते, सर्व सदस्य राष्ट्रे गुप्त मतदान करतात आणि उपस्थित व मत देणाऱ्या राष्ट्रांपैकी दोन-तृतीयांश राष्ट्रांची मते पडली तरच निवड होते. पद न्यायिक असले तरी तिथवर नेणारा शेवटचा टप्पा राजनैतिक आहे, हे ज्याला सुरुवातीलाच उमगते तो आपली तयारी योग्य क्रमाने करतो. वीस-पंचवीस वर्षे फौजदारी कायद्याचे काम अशा दर्जाचे करत राहायचे, की नामनिर्देशनाची वेळ येईल तेव्हा सरकारला दुसरे नाव शोधावेसे वाटू नये, एवढेच उमेदवाराच्या हाती असते. हे मार्गदर्शन त्या हाती असलेल्या भागाविषयी आहे. उरलेल्या भागाविषयीची माहिती ओघात येईलच.

आधी कोणत्या न्यायालयाविषयी बोलतो आहोत ते पक्के करू, कारण मराठी वृत्तपत्रांतही या दोन नावांची गल्लत नेहमी होते. हेगमधील पीस पॅलेसमध्ये बसणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय हे संयुक्त राष्ट्रांचे अंग असून तेथे राष्ट्रांमधील वाद चालतात. कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल १७ जुलै २०१९ रोजी दिला तो या न्यायालयाने. पोर्तुगालने दादरा व नगर हवेलीकडे जाण्याच्या हक्कासाठी भारताला खेचले तेही येथेच, आणि त्या वेळी भारताचे तदर्थ (त्या एका खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून बसले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला. त्याच मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषवलेले दलवीर भंडारी २०१२ पासून तेथे न्यायाधीश झाले. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय मात्र निराळे. ते राष्ट्रांवर नव्हे, व्यक्तींवर खटले चालवते. आरोप वंशसंहाराचे, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे, युद्धगुन्ह्यांचे किंवा आक्रमणाच्या गुन्ह्याचे असतात. १७ जुलै १९९८ रोजी संमत झालेल्या आणि १ जुलै २००२ पासून अमलात आलेल्या रोम संविधीने ते स्थापन केले. त्यात अठरा न्यायाधीश असतात, प्रत्येकाची मुदत नऊ वर्षांची, आणि पूर्ण मुदत केल्यावर पुन्हा निवडून येता येत नाही.

पारपत्राचा प्रश्न

भारतीय वाचकाला सर्वांत आधी सांगायची गोष्ट अप्रिय आहे. न्यायाधीश हा सदस्य राष्ट्राचाच नागरिक असावा लागतो आणि भारत सदस्य नाही. रोमच्या परिषदेत १२० राष्ट्रांनी बाजूने आणि सात राष्ट्रांनी विरोधात मत दिले. तटस्थ राहिलेल्या २१ राष्ट्रांत भारत होता. सुरक्षा परिषदेला या न्यायालयाच्या कामात दिलेले अधिकार, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीतून वगळणे आणि देशांतर्गत संघर्षांचा अंतर्भाव, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. त्यानंतर आलेल्या कोणत्याही सरकारने ही भूमिका बदललेली नाही. म्हणून पुण्यातला किंवा नागपुरातला विद्यार्थी भारतीय पारपत्र ठेवून या अठरा जणांत बसण्याचे स्वप्न पाहत असेल, तर त्याचे स्वप्न भारताच्या परराष्ट्र धोरणावर अवलंबून आहे हे त्याने ओळखून असावे.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचे गणित वेगळे असते. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ही सदस्य राष्ट्रे आहेत. मराठी भाषक समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो तो मॉरिशसही सदस्य आहे. अमेरिका नाही, त्यामुळे न्यू जर्सीतल्या मुलाची स्थिती या बाबतीत नाशिकच्या मुलासारखीच. दक्षिण आशियात बांगलादेश, अफगाणिस्तान व मालदीव सदस्य आहेत. ज्याच्याकडे दोन राष्ट्रांचे नागरिकत्व असेल, तो ज्या राष्ट्रात सामान्यतः आपले नागरी व राजकीय हक्क बजावतो त्या राष्ट्राचा मानला जातो. एकाच राष्ट्राचे दोन न्यायाधीश एका वेळी असू शकत नाहीत. एखादे सदस्य राष्ट्र दुसऱ्या सदस्य राष्ट्राच्या नागरिकाचे नाव सुचवू शकते, परंतु ती पळवाट बिगर-सदस्य राष्ट्राच्या नागरिकाच्या कामाची नाही.

तथापि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्याय या एका न्यायालयापुरता नाही. १९४६ मध्ये सुरू झालेल्या टोकियो खटल्यात अकरा न्यायाधीशांपैकी एक भारतीय होते: कलकत्ता उच्च न्यायालयाचे राधाबिनोद पाल. त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे, हजाराहून अधिक पानांचे भिन्नमत निकालपत्र लिहिले. युगोस्लाव्हिया आणि रुवांडा यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी स्थापलेल्या न्यायाधिकरणांत न्यायाधीशांची निवड आमसभेने केली, आणि त्यांचे उरलेले काम पाहणाऱ्या अवशिष्ट यंत्रणेतही तीच पद्धत आहे. तेथे रोम संविधीचे सदस्यत्व लागत नाही. या यंत्रणेचे न्यायाधीश एका नामावलीत असतात, बहुतेक जण आपल्या देशातूनच काम करतात आणि काम असेल तेव्हाच त्यांना मोबदला मिळतो. तिचे काम आटोपत आले आहे, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. पण कंबोडिया, सिएरा लिओन, लेबनॉन, कोसोव्हो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा प्रत्येक संघर्षानंतर नवे न्यायालय नव्या नियमांनी उभे राहिले, हा गेल्या तीस वर्षांचा अनुभव आहे, आणि पुढचे न्यायालय कोणत्या देशाच्या न्यायाधीशांना बोलावील हे आज ठरलेले नाही.

पाया सत्र न्यायालयात

रोम संविधीच्या छत्तिसाव्या कलमाने पात्रता सांगितली आहे. उमेदवार उच्च नैतिक चारित्र्याचा, निःपक्षपाती व सचोटीचा असावा आणि आपल्या देशातील सर्वोच्च न्यायिक पदासाठी लागणारी अर्हता त्याच्याकडे असावी. भारताच्या मापाने पाहायचे तर संविधानाच्या १२४ व्या अनुच्छेदाची अर्हता: उच्च न्यायालयात पाच वर्षे न्यायाधीशपद, किंवा दहा वर्षे वकिली, किंवा राष्ट्रपतींच्या मते ख्यातनाम कायदेपंडित असणे. इंग्रजी किंवा फ्रेंच यांपैकी एका भाषेवर उत्तम प्रभुत्व हवे. याखेरीज उमेदवारांच्या दोन याद्या असतात. ‘अ’ यादीत फौजदारी कायदा व प्रक्रिया यांत प्रावीण्य आणि न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील अशा नात्याने प्रत्यक्ष अनुभव असलेले येतात. ‘ब’ यादीत आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा, मानवी हक्क यांसारख्या विषयांतले जाणकार येतात. पहिल्या निवडणुकीत ‘अ’ यादीतून किमान नऊ आणि ‘ब’ यादीतून किमान पाच न्यायाधीश घ्यायचे होते, आणि नंतरही तेच प्रमाण राखायचे आहे.

माझे स्पष्ट मत असे, की ज्याच्यापुढे दोन्ही वाटा मोकळ्या आहेत त्याने ‘अ’ यादीचीच वाट धरावी. जागा जास्त हे एक कारण झाले. मोठे कारण असे की या न्यायालयाचे सर्वांत अवघड काम साक्षीपुरावा तोलण्याचे आहे आणि ते ग्रंथालयात शिकता येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पदव्या घेऊन थेट हेगकडे डोळे लावणाऱ्या हुशार मुलांना हे पटत नाही. त्यांनी थॉमस लुबांगाच्या खटल्याची सुरुवात वाचावी. या न्यायालयाचा हा पहिला खटला. कांगोमधील सशस्त्र गटात पंधरा वर्षांखालील मुलांना भरती केल्याचा आरोप. जानेवारी २००९ मध्ये सरकार पक्षाचा पहिला साक्षीदार, स्वतः बालसैनिक राहिलेला तरुण, पिंजऱ्यात आला आणि त्याच दिवशी उलटला. एका संस्थेच्या लोकांनी आपल्याला काय सांगायचे ते पढवले होते, असे तो म्हणाला. काही दिवसांनी त्याला पुन्हा बोलावले, तेव्हा तो पहिल्या जबाबावर परतला. पीठासीन न्यायाधीश होते इंग्लंडचे ॲड्रियन फुलफर्ड, ज्यांची हयात फौजदारी न्यायालयांत गेली होती. २०४ दिवस सुनावणी चालली, ६७ साक्षीदार तपासले गेले, आणि १४ मार्च २०१२ च्या निकालात न्यायाधीशांनी सरकार पक्षासाठी साक्षीदार शोधून आणणाऱ्या काही मध्यस्थांवर विश्वास ठेवण्यास नकार देऊन, उरलेल्या पुराव्यावर आरोपीला दोषी धरले. फितूर साक्षीदार, पढवलेली साक्ष आणि तरीही त्यातून उरणारे सत्य, हे ज्याने जिल्ह्याच्या ठिकाणच्या सत्र न्यायालयात वर्षानुवर्षे पाहिले आहे, त्याला हे प्रकरण परके वाटणार नाही.

म्हणून महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने सुरुवात येथूनच करावी. लोकसेवा आयोगामार्फत होणारी दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा हा एक मार्ग. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निर्णयानंतर त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. दुसरा मार्ग सात वर्षांच्या वकिलीनंतर थेट जिल्हा न्यायाधीशपदाचा. तिसरा, न्यायाधीश न होता फौजदारी वकिली करत राहण्याचा. यांपैकी कोणताही निवडा, पण सरतपासणी व उलटतपासणी स्वतः घ्या किंवा स्वतः नोंदवा, खून आणि सामूहिक हिंसाचाराच्या खटल्यांची लांबलचक निकालपत्रे लिहा, आणि ती वरच्या न्यायालयात टिकतात की नाही ते पाहत राहा. मराठीत दिलेली साक्ष इंग्रजीत उतरवताना अर्थ कसा सांडतो हे येथल्या न्यायाधीशाला ठाऊक असते. हेगमध्ये स्वाहिली, अचोली, लिंगाला, सांगो अशा भाषांतील साक्षी दुभाष्यांमार्फत ऐकाव्या लागतात, काही वेळा दोन पायऱ्यांनी, तेव्हा ही जाण कामी येते.

आपल्या सवयींपैकी काही मात्र सोडाव्या लागतील. ऐकीव पुरावा आपण उंबरठ्यावरच अडवतो. तेथे तो दाखल होतो आणि त्याला किती वजन द्यायचे हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. पीडितांना स्वतःच्या वकिलामार्फत कामकाजात सहभागी होता येते. लुबांगाच्या खटल्यात असे १२९ जण होते. देहदंड नाही: कमाल शिक्षा तीस वर्षे, अत्यंत गंभीर प्रकरणात जन्मठेप. मूळ कायदाही निराळा शिकावा लागतो, कारण आपल्या दंडविधानात तो नाही. सज्जन कुमार यांना दोषी ठरवणाऱ्या १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात दिल्ली उच्च न्यायालयाने स्वच्छ नोंदवले आहे, की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे दोन्ही आपल्या देशी फौजदारी कायद्याचा भाग नाहीत आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. या विषयाचा अभ्यास सुरू करणाऱ्याने परदेशी पाठ्यपुस्तकाआधी ते निकालपत्र वाचावे.

परदेशी अनुभव आणि फ्रेंच

दहा-बारा वर्षांच्या देशी कामाबरोबर बाहेरचा अनुभव जोडावा लागतो, आणि तो सलग असलाच पाहिजे असे नाही. लायडन, गॉलवे, जिनिव्हा येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम नावाजलेले आहेत. विद्यार्थिदशेत अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांचा उपयोग होतो, पण त्याचे महत्त्व पहिल्या नोकरीपुरतेच. न्यायालयातील इंटर्नशिप बहुतांशी बिनपगारी असते आणि हेगचे घरभाडे ऐपतीचा अंत पाहणारे असते, म्हणून शिष्यवृत्तीची सोय झाल्याशिवाय जाऊ नये. नोकरभरतीत सदस्य राष्ट्रांच्या नागरिकांना प्राधान्य मिळते. भारतीय वकिलांसाठी अधिक खुली वाट बचावाच्या आणि पीडितांच्या वकिलांच्या नामावलीची आहे: दहा वर्षांचा संबंधित अनुभव, इंग्रजी किंवा फ्रेंच, स्वच्छ चारित्र्य या तिच्या अटी आहेत, नागरिकत्वाची अट नाही.

फ्रेंचविषयी आळस करू नये. नियमाप्रमाणे एक भाषा पुरते, परंतु कांगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, कोत दिव्हुआर, माली येथील प्रकरणांची कागदपत्रे फ्रेंचमध्ये असतात, आणि सहकारी न्यायाधीशांशी मसुद्यावर चर्चा करताना भाषांतराची वाट पाहणारा मागे पडतो. पुण्या-मुंबईत आलियांस फ्रांसेजचे वर्ग आहेत. वयाच्या तिशीआधी बी-२ पातळी (युरोपीय मोजपट्टीवरची, भाषा स्वतंत्रपणे वापरता येण्याची) गाठून ठेवावी, नंतर खटल्यांच्या रगाड्यात ते होत नाही.

२०२३ मध्ये निवडून आलेल्या सहा जणांपैकी दोघांची वाटचाल पाहिली, तर देशी आणि परदेशी अनुभव कसा गुंफला जातो ते कळते. फ्रान्सचे निकोला गियू हे तेथील न्यायसेवेतले; लेबनॉनसाठीच्या विशेष न्यायाधिकरणात काम करून ते कोसोव्होच्या विशेष न्यायालयात खटलापूर्व न्यायाधीश झाले आणि मग हेगच्या न्यायालयात निवडून आले. स्लोव्हेनियाच्या बेटी होलर याच न्यायालयाच्या अभियोक्ता कार्यालयात, म्हणजे सरकार पक्षाचे काम पाहणाऱ्या कार्यालयात, वकील होत्या. अशा अनुभवाची किंमतही मोजावी लागते: वकील म्हणून ज्या प्रकरणाला हात लावला, त्या प्रकरणात न्यायाधीश म्हणून बसता येत नाही. २०२४ मध्ये अध्यक्ष झालेल्या जपानच्या तोमोको अकाने या मूळच्या सरकारी वकील.

उमेदवारी आणि मतमोजणी

दर तीन वर्षांनी सहा जागा भरल्या जातात. राष्ट्राने उमेदवार दोन पद्धतींपैकी एका पद्धतीने निवडायचा असतो: आपल्या सर्वोच्च न्यायिक पदावरील नेमणुकीच्या पद्धतीने, किंवा आंतरराष्ट्रीय न्यायालयासाठी नावे सुचवण्याच्या पद्धतीने. नावासोबत उमेदवार प्रत्येक अट कशी पूर्ण करतो याचे सविस्तर निवेदन जोडावे लागते. हे निवेदन परराष्ट्र मंत्रालयातला अधिकारी लिहितो, पण त्याचा कच्चा माल तुम्हीच पुरवायचा असतो. म्हणून कोणत्या खटल्यात कोणती भूमिका होती, किती साक्षीदार तपासले, निकाल अपिलात टिकला का, याची नोंद पहिल्या वर्षापासून ठेवलेली बरी. ‘फौजदारी कायद्याचा प्रदीर्घ अनुभव’ या मोघम वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही.

त्यानंतर नऊ सदस्यांची सल्लागार समिती उमेदवारांच्या मुलाखती घेते आणि अहवाल देते. सुरुवातीला तिचे अहवाल इतके मवाळ असत, की त्यांतून काहीच निष्पन्न होत नसे. २०२० च्या निवडणुकीपासून ती उमेदवारांची उघड प्रतवारी करू लागली, आणि काहींच्या वाट्याला ‘केवळ औपचारिकदृष्ट्या पात्र’ असा शेरा आला, जो सभ्य भाषेतला नकारच होय. मुलाखतीत संविधीची कलमे, पुराव्याचे नियम आणि न्यायालयाचे महत्त्वाचे निकाल यांवर प्रश्न येतात. वरिष्ठतेच्या जोरावर तयारीविना जाणाऱ्यांची येथे फजिती होते. चारित्र्यविषयक तक्रारींची छाननीही आता होते.

प्रत्यक्ष प्रचार राष्ट्रांच्या प्रतिनिधी मंडळांच्या कचेऱ्यांत चालतो. उमेदवार राजदूतांना भेटतो, सार्वजनिक चर्चासत्रात प्रश्नांना उत्तरे देतो, आणि त्याचे सरकार इतर राष्ट्रांशी मतांची देवाणघेवाण करते: तुम्ही आमच्या न्यायाधीशाला मत द्या, आम्ही तुमच्या माणसाला अमुक समितीवर देऊ. ही पद्धत कोणालाच शोभत नाही, पण ती आहे. मतपत्रिकेवरही बंधने असतात. पहिल्या फेऱ्यांमध्ये प्रत्येक राष्ट्राने दोन्ही याद्या, भौगोलिक गट आणि स्त्री-पुरुष प्रमाण यांचे किमान आकडे पाळून मते द्यायची असतात. फेब्रुवारी २००३ मधील पहिल्या निवडणुकीत अठरा न्यायाधीश निवडायला तेहतीस फेऱ्या लागल्या होत्या. तेव्हा उत्तम उमेदवार चुकीच्या वर्षी उभा राहिला, म्हणजे त्याच्या गटाच्या किंवा यादीच्या जागा आधीच भरलेल्या असताना, तर तो पडतो. कोणत्या वर्षी कोण निवृत्त होणार आहे याचा तक्ता पाहूनच सरकारकडे विषय काढावा.

निवडून आल्यावर खुल्या न्यायालयात प्रतिज्ञा होते, पण काम लगेच सुरू होईलच असे नाही. पूर्ण वेळ कधी बोलवायचे ते कामाचा भार पाहून अध्यक्षमंडळ ठरवते. पूर्ण वेळच्या न्यायाधीशाचे वार्षिक वेतन अनेक वर्षे १,८०,००० युरो, करमुक्त, असे होते.

न्यायासनावर

न्यायालयाचे तीन विभाग आहेत. खटलापूर्व विभाग अटक वॉरंट काढतो आणि दोषारोप निश्चित करतो, खटला विभागात तिघांचे पीठ बसते, अपील विभागात पाच जण. अपील विभागात नेमलेला न्यायाधीश शेवटपर्यंत तेथेच राहतो. खटल्याच्या पीठातील तिघांनी सुनावणीच्या प्रत्येक टप्प्याला हजर राहावे लागते, निकाल सकारण आणि लेखी असावा लागतो, एकमत न झाल्यास बहुमताचा आणि अल्पमताचा असे दोन्ही अभिप्राय त्यात येतात. वरच्या न्यायालयात निकाल उलटण्याचे भय येथेही आहे. कांगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष जॉं-पिएर बेंबा यांना २०१६ मध्ये एकमताने दोषी ठरवले गेले, अठरा वर्षांची शिक्षा झाली, आणि ८ जून २०१८ रोजी अपील विभागाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांना निर्दोष सोडले. तोवर ते दहा वर्षे कोठडीत होते.

चांगला न्यायाधीश काय करू शकतो याचे मला नेहमी आठवणारे उदाहरण रुवांडा न्यायाधिकरणातले आहे. दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या नवी पिल्ले, एका तमिळवंशीय बसचालकाची मुलगी. १९६७ मध्ये नाताळ प्रांतात स्वतःची वकिली सुरू करणारी पहिली गौरेतर स्त्री, वर्णद्वेषी राजवटीच्या कैद्यांची बाजू मांडणारी वकील, आणि १९९५ पासून रुवांडा न्यायाधिकरणावर न्यायाधीश. तबा या गावसमूहाचा प्रमुख ज्यां-पॉल अकायेसू याच्यावरील खटला जानेवारी १९९७ मध्ये उभा राहिला तेव्हा दोषारोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा एकही आरोप नव्हता. एका साक्षीदार स्त्रीने हत्यांविषयी साक्ष देता देता आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर झालेल्या बलात्काराचा उल्लेख केला. सरकारी वकिलांनी तो धागा पकडला नाही. न्यायाधीशांनी पकडला आणि पुढे प्रश्न विचारले. नंतर दुसरी स्त्री बोलली. त्या वर्षी जूनमध्ये दोषारोपपत्रात दुरुस्ती झाली, आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हे वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते हे आंतरराष्ट्रीय न्यायालयात प्रथमच प्रस्थापित केले. तीन न्यायाधीशांच्या त्या पीठावर पिल्ले या एकट्याच स्त्री होत्या. येथे प्रश्न विचारणे आणि सरकार पक्षाचे काम आपल्या हाती घेणे यांच्यातली रेघ बारीक आहे: न्यायाधीशांनी साक्ष उलगडू दिली, आरोप वाढवायचा की नाही हा निर्णय मात्र सरकार पक्षाचा राहिला आणि आरोपीला उत्तराची संधी मिळाली. नवोदित न्यायाधीशाने त्या निकालपत्राबरोबर त्या दिवसांची कामकाजाची नोंद काढून प्रश्नांचा क्रम पाहावा.

घसरण्याच्या जागा

डेन्मार्कचे फ्रेडरिक हारहॉफ युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणावर सर्बियाचे राजकीय नेते वोइस्लाव शेशेल यांचा खटला ऐकत होते. जून २०१३ मध्ये त्यांनी छपन्न परिचितांना खासगी पत्र पाठवून न्यायाधिकरणाच्या अलीकडच्या निर्दोष सुटकांवर टीका केली. पत्र एका डॅनिश वृत्तपत्रात फुटले, आणि निकाल लिहायची वेळ आली असताना पक्षपाताच्या रास्त शंकेवरून त्यांना खटल्यातून दूर करण्यात आले. जागी नवा न्यायाधीश आला, त्याने सारी कागदपत्रे वाचली, आणि निकाल लागायला २०१६ उजाडले. खासगी म्हणून न्यायाधीशाचे काही उरत नाही, व्हॉट्सॲपच्या गटात तर नाहीच.

जपानच्या कुनिको ओझाकी यांनी २०१९ मध्ये एका खटल्याचा निकाल बाकी असताना एस्टोनियातील राजदूतपद स्वीकारले. सहकाऱ्यांनी बहुमताने त्याला हरकत घेतली नाही, पण न्यायिक स्वातंत्र्याचा प्रश्न इतका पेटला की अखेर त्यांनी राजदूतपद सोडले. सरकारने पाठवलेला माणूस सरकारचा राहता कामा नये, हे निवडणुकीच्या पद्धतीमुळेच अधिक काटेकोरपणे पाळावे लागते.

अलीकडे संकटे बाहेरूनही येतात. अवशिष्ट यंत्रणेचे न्यायाधीश आयदन सेफा अकाय यांना २०१६ मध्ये त्यांच्याच देशात, तुर्कस्तानात, राजनैतिक संरक्षण असूनही अटक झाली. व्लादिमिर पुतिन यांच्या अटक वॉरंटनंतर रशियाने या न्यायालयाच्या न्यायाधीशांना आपल्या ‘हवे असलेल्या’ व्यक्तींच्या यादीत घातले. त्यांत अकानेही आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने न्यायाधीशांवर निर्बंध लादले: जूनमध्ये चौघींवर, त्यांत होलर, आणि ऑगस्टमध्ये आणखी काहींवर, त्यांत गियू. निर्बंध म्हणजे अमेरिकेचा व्हिसा बंद इतकेच नव्हे. अमेरिकी कंपन्यांची क्रेडिट कार्डे आणि ऑनलाइन खाती बंद पडतात, युरोपातल्या बँकाही हात आखडतात. ज्यांची मुले अमेरिकेत शिकतात किंवा ज्यांची बचत तिथे आहे, त्यांनी उमेदवारी स्वीकारण्याआधी घरच्यांशी बसून हा विचार करावा.

नऊ वर्षे संपताना एखादा खटला अर्धवट असेल, तर तो पुरा होईपर्यंत न्यायाधीशाला थांबावे लागते, मग देशातली पुढची नेमणूक हुकली तरी बेहत्तर. त्यानंतर मोकळीक असते. फुलफर्ड इंग्लंडला परतून तेथील अपील न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पिल्ले २००३ मध्ये हेगच्या पहिल्या अठरा न्यायाधीशांत होत्या. २००८ मध्ये तेथून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त म्हणून गेल्या, आणि पुढे गांबियाने म्यानमारविरुद्ध वंशसंहाराचा दावा दाखल केला तेव्हा गांबियाने त्यांचीच तदर्थ न्यायाधीश म्हणून निवड केली. तो दावा चालतो पीस पॅलेसमधल्या न्यायालयात, जिथे छागला बसले होते.